पोहे म्हणजे काय?

मराठी माणसाला दात फुटायच्या आधी पोहे ठाऊक होतात. मुलगी बघण्याच्या कार्यक्रमाला आपण कांदेपोहे हेच नाव देऊन टाकलं आहे, त्यामुळे ज्यांना पोहे आवडत नाहीत त्यांच्याही आयुष्याचे निर्णय पोह्यांच्या साक्षीनं होतात. असं असूनही इंटरनेटवर पोह्यांची कृती शोधायला गेलं की आधी एक ठसठशीत उपशीर्षक आडवं येतं : ‘पोहे म्हणजे काय?’

खाली उत्तर असतं. ‘पोहे हा महाराष्ट्रातील एक लोकप्रिय नाश्ता आहे. महाराष्ट्रात नाश्त्यासाठी पोहे लोकप्रिय आहेत. लोकप्रिय नाश्त्यांमध्ये महाराष्ट्रात पोह्यांचा समावेश होतो.’ मग ‘पोह्यांचा इतिहास’. त्यात सुदामा पुरचुंडी घेऊन येतो आणि श्रीकृष्णाला भेटायच्या आधीच जाहिरातीखाली सापडतो. मग ‘पोहे खाण्याचे फायदे’. मग, पक्षपातीपणाचा आरोप येऊ नये म्हणून, ‘पोहे खाण्याचे तोटे’. मग ‘पोहे खाल्ल्याने वजन वाढते का?’ याचं उत्तर दोन परिच्छेद चालतं आणि शेवटी आपल्याला डॉक्टरांचा सल्ला घ्यायला सांगतं. एवढं होईपर्यंत फोडणी करपलेली असते. शोधणारा माणूस ओट्याशी उभा असतो, त्याच्या उजव्या हाताला हळद लागलेली असते, तो डाव्या करंगळीनं पडदा वर ढकलत असतो आणि त्याला एवढंच हवं असतं की मीठ पोह्यांना चोळायचं की फोडणीत घालायचं.

कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली. वाटी-चमच्याची मापं, साहित्य, कृती, झालं. पुढच्या पदार्थाकडे चला. पुस्तक विकत घेणारी बाई स्वयंपाकघरात उभी आहे आणि तिला भूक लागलेली चार माणसं बाहेर बसली आहेत, याची लेखिकेला जाणीव होती. कालनिर्णयच्या पानामागची पाककृतीसुद्धा तेवढ्याच पानात मावते, कारण पान फाडून जोडता येत नाही.

मग ही इंटरनेटवरची कृती कुणासाठी लिहिलेली असते? ज्याला पोहे म्हणजे काय हे खरोखरच माहीत नाही, ज्याला भूक लागत नाही, घाई नाही, आणि जो वाचताना कंटाळत नाही, अशा वाचकासाठी. असा वाचक या पृथ्वीतलावर एकच आहे. त्याचं नाव गूगल. आपण, म्हणजे ज्यांना पोहे खायचे आहेत ते, कृती लिहिणारा आणि गूगल या दोघांच्या खासगी पत्रव्यवहारात मध्येच डोकावणारे आगाऊ लोक आहोत.

हे एका दिवसात घडलेलं नाही. १९९५ च्या डिसेंबरात अल्टाव्हिस्टा नावाचं शोधयंत्र सुरू झालं. त्या पिढीची यंत्रं भोळी होती. पानावर कुठला शब्द कितीदा आलाय याला त्यांच्या लेखी मोठी किंमत. लगेच हुशार लोकांनी पानाच्या तळाशी ‘स्वस्त विमान तिकीट स्वस्त विमान तिकीट’ अशी नामजपाची वही लिहायला घेतली. वाचणाऱ्याला ते दिसू नये म्हणून पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरात. पूर्वीचे लेखक पांढऱ्यावर काळं करत. यांनी पांढऱ्यावर पांढरं केलं. निव्वळ प्रामाणिकपणाच्या दृष्टीनं मला तो काळ बरा वाटतो. यंत्रासाठी लिहिलेला कचरा तेव्हा निदान माणसापासून लपवून ठेवायची लाज होती. आता तो काळ्या अक्षरात असतो आणि त्यावर ठळक उपशीर्षक असतं.

मग स्टॅनफर्डमधले दोन विद्यार्थी, लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन, यांनी विद्वानांची एक जुनी रीत उचलली. ज्या निबंधाचा हवाला इतर जास्त जण देतात तो निबंध वजनदार. तसंच ज्या पानाकडे इतर पानं बोट दाखवतात ते पान चांगलं. कल्पना खरोखर देखणी होती आणि १९९८ साली तिची गूगल ही कंपनी झाली. त्याआधी या प्रकल्पाचं नाव ‘बॅकरब’ होतं, म्हणजे पाठ चोळून देणं. नाव बदललं, पण धंद्याला पाठ चोळणं लगेच कळलं. तू माझ्या पानाला दुवा दे, मी तुझ्या पानाला देतो. अहो रूपम्, अहो ध्वनिः! उंट आणि गाढव या दोघांना इतकी मोठी बाजारपेठ यापूर्वी कधीच मिळाली नव्हती. अमेरिकेतलं जे. सी. पेनी हे भलंमोठं दुकान २०१० च्या सणासुदीत कपड्यांपासून सतरंजीपर्यंत काहीही शोधलं तरी वरच दिसायचं. पुढच्या फेब्रुवारीत ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं उघडकीला आणलं की कपड्यांशी काडीचाही संबंध नसलेल्या शेकडो संकेतस्थळांवर या दुकानाचे दुवे पेरून ठेवले होते. बीएमडब्ल्यूच्या जर्मन संकेतस्थळालाही दुसऱ्या एका लबाडीबद्दल २००६ साली गूगलनं काही दिवस यादीतून काढून टाकलं होतं. इतक्या महागड्या गाडीवाल्यांनाही मागच्या दारानं जावंसं वाटावं, यावरून पुढच्या दाराशी किती गर्दी असेल याची कल्पना यावी.

गंमत म्हणजे पेज आणि ब्रिन यांनी १९९८ च्या त्यांच्या गाजलेल्या शोधनिबंधात स्वतःच लिहून ठेवलं होतं की जाहिरातींवर चालणारं शोधयंत्र जाहिरातदारांकडे झुकणार, शोधणाऱ्याकडे नाही. दोन वर्षांनी त्यांनी जाहिराती घ्यायला सुरुवात केली. स्वतःचं भाकीत स्वतःच खरं करून दाखवणारे ज्योतिषी आपल्याकडेही आहेत, पण त्यांना इतकी मोठी फी मिळत नाही.

जाहिराती आल्यावर लेखनाचा प्रश्नच सुटला. २००६ साली अमेरिकेत डिमांड मीडिया नावाची कंपनी निघाली. तिचं यंत्र आधी बघायचं की लोक काय शोधतायत, त्यावर कुठल्या जाहिराती लागतील, आणि मग लेखाचं शीर्षक ठरवायचं. लेखक सगळ्यात शेवटी. त्याला लेखामागे पंधराएक डॉलर मिळत. लाखो लेख निघाले. गाठ कशी मारावी, डाग कसा काढावा, मांजराला औषध कसं पाजावं. लिहिणाऱ्याकडे मांजर असण्याची अट नव्हती. २०११ च्या जानेवारीत ही कंपनी शेअर बाजारात उतरली तेव्हा तिची किंमत ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या कंपनीपेक्षा जास्त भरली. महिनाभरात गूगलनं अशा पिठाच्या गिरण्यांना खाली ढकलणारी सुधारणा आणली. तिचं नाव पांडा. हे नाव अस्वलावरून आलेलं नाही, नवनीत पांडा या गूगलच्या अभियंत्याच्या आडनावावरून आलं आहे. बिचाऱ्यानं इंटरनेटवरचं लेखन सुधारण्यासाठी नाव दिलं आणि जगानं त्याच्या नावापुढे बांबू खाणाऱ्या प्राण्याचं चित्र छापलं.

पांडानं पातळ लेखांना मारलं. यातून धंदेवाल्यांनी काय धडा घ्यावा? लेख चांगला लिहा, हा नाही. लेख लांब लिहा, हा. दहावीच्या परीक्षेत काही मुलं पुरवण्यांवर पुरवण्या मागून घेतात, कारण तपासणारे मास्तर उत्तरपत्रिका हातात तोलून गुण देतात अशी शाळेत वदंता असते. मास्तर वारंवार सांगतात की तसं काही नाही. गूगलही वारंवार सांगतं की शब्दसंख्येला आम्ही गुण देत नाही. पण पुरवणी मागणाऱ्या मुलाचा मास्तरांच्या बोलण्यावर विश्वास नसतो, त्याचा विश्वास शेजारच्या बाकावरच्या मुलावर असतो, आणि त्यानं चार घेतलेल्या असतात.

माझा एक भाचा पुण्यात ‘कंटेंट’मध्ये आहे. पूर्वी माणसं बँकेत असत, रेल्वेत असत, तसा हा कंटेंटमध्ये असतो. मी पावसाळ्यातल्या छत्र्यांवर लिहिलेला एक लेख त्यानं त्याच्या संगणकात घातला. कोपऱ्यात लाल दिवा लागला.

“मामा, फोकस कीवर्ड कुठेय?”

“म्हणजे?”

“लोक शोधतात ते शब्द. ‘पावसाळी छत्री’. ते शीर्षकात पाहिजेत, पहिल्या परिच्छेदात पाहिजेत, उपशीर्षकात पाहिजेत, फोटोला पाहिजेत. तुमच्या पहिल्या परिच्छेदात छत्रीच नाही. नुसते आजोबा आहेत.”

“आजोबांच्या हातात छत्री आहे. दुसऱ्या परिच्छेदात ती उघडते.”

“मामा, दुसऱ्या परिच्छेदापर्यंत कोण थांबतंय?”

त्यानं माझ्यादेखत सुरुवात बदलली. ‘पावसाळी छत्री ही पावसाळ्यात वापरली जाणारी एक उपयुक्त छत्री आहे. तुम्हीही पावसाळी छत्री शोधत आहात का? तर हा लेख तुमच्यासाठीच आहे. चला तर मग जाणून घेऊया पावसाळी छत्री विषयी संपूर्ण माहिती.’ दिवा नारिंगी झाला. ‘पावसाळी छत्रीचे प्रकार’ हे उपशीर्षक घातल्यावर हिरवा झाला. आजोबा गेले. तसे ते एकोणीसशे ब्याऐंशीलाच गेले होते, पण लेखात बरे होते.

‘छत्री विषयी’ हे दोन शब्द तोडून का लिहिले, असं मी विचारलं. व्याकरणाचा तास घेण्याचा माझा विचार नव्हता, पण भाच्याचं उत्तर ऐकण्यासारखं होतं. लोक शोधताना विभक्ती लावत नाहीत. ते ‘पुण्यातला पाऊस’ असं लिहीत नाहीत, ‘पुणे पाऊस’ लिहितात. ‘आईवर निबंध’ लिहीत नाहीत, ‘आई निबंध मराठी’ लिहितात. आणि आपली भाषा अशी की प्रत्यय लागला की शब्द चेहराच बदलतो. पुणेचं पुण्या होतं, पाऊसचं पावसा होतं. सुरुवातीच्या यंत्रांना ही दोन वेगळी गावं वाटायची. म्हणून लिहिणाऱ्यांनी सोपा मार्ग काढला आणि माणसांची भाषाच यंत्राच्या मापाची करून दिली. ‘पुणे पाऊस आज जोरात पडेल का?’ अशी शीर्षकं आली. हल्लीची यंत्रं सामान्यरूप ओळखतात, त्यांचं मराठी पुष्कळ सुधारलंय. सवय मात्र आपल्याकडे राहिली. परवा भाच्याच्या एका सहकाऱ्यानं त्याला दिवाळीचा निरोप धाडला तो ‘दिवाळी शुभेच्छा मराठी’ असा. माणूस मनापासून शुभेच्छा देत होता. हात आपोआप कीवर्डात पडला.

शुद्धलेखनाचं तर बोलायलाच नको. अनेक पानांच्या तळाशी ‘शुभेच्छा’ या शब्दाची शक्य तेवढी चुकीची रूपं मुद्दाम रचून ठेवलेली असतात, कारण शोधणारे तशी टाइप करतात. चूक मुद्दाम करण्यासाठी आधी बरोबर काय ते माहीत असावं लागतं. त्यामुळे मराठी शुद्धलेखनाचे उरलेसुरले जाणकार आज त्या तळघरात चुका पाडायच्या कामावर असावेत, असा माझा संशय आहे.

सणवार आले की या लेखनाला बहर येतो. याचं मूळ मात्र अमेरिकेत आहे. २०११ साली ‘हफिंग्टन पोस्ट’नं सुपर बोल हा तिकडचा मोठा सामना किती वाजता सुरू होणार, एवढ्याच प्रश्नाला शीर्षक करून एक बातमी लावली. लोक तोच प्रश्न शोधत होते, त्यामुळे ती बातमी धो धो चालली आणि दरवर्षी सगळेच ती लिहू लागले. वेळ सांगायला एक ओळ पुरते. बातमी त्या ओळीपर्यंत पोचायला वेळ घेते. आपल्याकडे हेच काम तिथी करते. २०२४ च्या दिवाळीत लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला की १ नोव्हेंबरला, हा प्रश्न खरा होता. अमावास्या दोन दिवसांत विभागली होती आणि पंचांगकर्त्यांतही मतं होती. पण त्या गोंधळाची गोडी लागल्यावर आता प्रत्येक सण दोन तारखांना असल्यासारखा जाहीर होतो. ‘मकर संक्रांत कधी? १४ की १५? जाणून घ्या’. लेखात आधी संक्रांतीचं महत्त्व, मग तिळाचं महत्त्व, मग गुळाचं, मग राशींवरचा परिणाम, आणि पाचव्या जाहिरातीखाली तारीख. कालनिर्णय १९७३ पासून हीच माहिती एका चौकोनात देतं आणि त्याच चौकोनात दूधवाल्याचा हिशेब लिहायला जागा उरते. आता मी ‘महाराष्ट्र दिन यंदा कधी? १ मे की २ मे? वाचा सविस्तर’ या लेखाची वाट बघतो आहे. आला की सांगा.

या लेखनाचा सर्वोच्च आविष्कार मात्र मालिकांतल्या नट्यांच्या चरित्रांत आढळतो. वय, उंची, शिक्षण, पती, पगार. ‘अमुक अभिनेत्रीच्या पतीचे नाव काय?’ या उपशीर्षकाखाली उत्तर असतं : ‘अनेक चाहत्यांना तिच्या पतीविषयी जाणून घेण्याची उत्सुकता आहे. तिच्या पतीविषयी अधिकृत माहिती उपलब्ध नाही. माहिती मिळताच आम्ही हा लेख अद्ययावत करू.’ मुलीचं लग्न झालेलं नाही, हे सत्य इतक्या आशावादी शब्दांत तिच्या मावशीनंही कधी सांगितलं नसेल. मौनाचं भाषांतर तीन परिच्छेदांत करणं ही सोपी कला नव्हे. एखाद्याला काहीही माहीत नसताना त्यानं सविस्तर लिहावं, हे राजकीय विश्लेषकांना जमायचं. आता ते काम शब्दाला चाळीस पैसे दरानं होतं.

उखाण्यांची पानं वेगळी. तिथे आकड्यांची चढाओढ असते. एकानं शंभर उखाणे दिले की दुसरा १०१ देतो, तिसरा ५०१ आणि पुढे अधिक चिन्ह. आहेराच्या पाकिटात वर एक रुपया घालायची आपली रीत गूगललाही पावेल अशी यामागची श्रद्धा असावी. शीर्षकात उभ्या रेघा मारून ‘मराठी उखाणे | नवरीचे उखाणे | नवरदेवाचे उखाणे | सोपे उखाणे | विनोदी उखाणे’ अशी रांग लावलेली असते, रेशनच्या दुकानासारखी शिस्तीत. मी त्यातले साठेक वाचले. चांदीचं ताट सगळ्यात होतं. तेव्हा या साहित्यप्रकारात माझीही भर :

‘पहिल्या पानावर झळकावं म्हणून जोडले शंभर दुवे,
…रावांचं नाव घेते, लाइक आणि शेअर हवे.’

हा ५०२ वा.

गूगलला हे सगळं दिसत नाही असं नाही. मधूनमधून ते छडी घेऊन वर्गात येतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी जाहीर केलं की यंत्रासाठी लिहिलेलं खाली जाईल, माणसांसाठी लिहिलेलं वर येईल. डिसेंबरात आपल्या तपासनिसांच्या मार्गदर्शिकेत त्यांनी ‘अनुभव’ ही नवी कसोटी घातली. लिहिणाऱ्यानं ती गोष्ट स्वतः केली आहे का, हे बघा. हेतू उत्तम. पण कंटेंटवाल्यांनी ते वाचलं आणि मला वाटतं त्या हिवाळ्यात मराठी इंटरनेटवर एकदम आज्ज्यांचं पीक आलं. प्रत्येक कृतीला आजी. थालीपीठाला आजी, मिसळीला आजी, पास्त्यालासुद्धा आजी. ‘माझी आजी नेहमी म्हणायची की पोह्यांत लिंबू पिळल्यावर क जीवनसत्त्व मिळते.’ माझी आजी जीवनसत्त्वांविषयी कधी काही बोलल्याचं मला आठवत नाही. ती ‘गिळा आता’ म्हणायची. पण हे खरं वाक्य लेखात घातलं तर दिवा लाल होतो.

मग २०२४ च्या मे महिन्यात गूगलनं अमेरिकेत शोधाच्या वरच स्वतः लिहिलेली उत्तरं दाखवायला सुरुवात केली. म्हणजे आता यंत्रासाठी लिहिलेलं यंत्र वाचणार आणि त्याचा सारांश आपल्याला सांगणार. थोड्याच दिवसांत त्यानं एका भुकेल्या माणसाला सल्ला दिला की पिझ्झ्यावरचं चीज घसरत असेल तर सॉसमध्ये थोडा बिनविषारी गोंद घाला. हा सल्ला एका रिकामटेकड्यानं अकरा वर्षांपूर्वी थट्टेनं लिहिलेल्या ओळीतून उचललेला निघाला. रोज एखादा लहान दगड खावा, हेही त्यानं सांगितलं. तेही एका व्यंगलेखनाच्या वृत्तपत्रातून. जगभर हसू झालं. आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू देतात, तेव्हा मराठी घरात पिझ्झ्याबद्दल फारतर ‘आधी तुपात तळून घेतला का?’ एवढंच विचारलं गेलं असतं. पण विनोदी लेखकांनी दखल घ्यावी अशी ही घटना आहे. आयुष्यभर कुणी आपल्याला गांभीर्यानं घेत नाही म्हणून कुढणाऱ्या या जमातीला अखेर एक वाचक असा भेटला, ज्यानं शब्दन्‌शब्द खरा मानला.

या नव्या व्यवस्थेत भाच्याची नोकरी जाईल अशी ताईला धास्ती होती. पावसाळी छत्रीचे प्रकार यंत्र फुकटात लिहितं, मग याला चाळीस पैसे कोण देणार? मीही काळजीनं फोन केला. तो मजेत होता. त्याला बढती मिळाली होती.

“आता लिहायचं काम मशीन करतं, मामा. मी ह्युमनाइज करतो.”

“म्हणजे काय करतोस?”

“मशीनचं लिखाण फार नीट येतं. ते माणसासारखं करायचं. मध्येच वाक्य तोडायचं, विषय सोडून भलतीकडे जायचं, उगाच कुणाला तरी टोमणा मारायचा. अनुभव टाकायचा. क्लायंटला तेच हवंय सध्या.”

मी म्हटलं, छान.

“मामा, ऐका ना,” त्यानं आवाज खाली आणला, “तुमचा तो छत्रीचा लेख अजून आहे का? जुना, आजोबांचा? नमुना म्हणून टीमला दाखवायचाय. कसा भरकटलाय बघा म्हणून.”

मी त्याला शब्दाला साठ पैसे सांगितले आहेत. आजोबांचे वेगळे.